खडकसावळी येथील जस्त-शिसे-चांदी आढळाचा संक्षिप्त इतिहास

जमिनीच्या पोटात काय आहे, हे जमिनीच्या मालकाला कधीच सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी जमिनीपासून पुष्कळ लांब बसावे लागते. माणूस जितका लांब आणि जितका उंच बसेल, तितके त्याला खोलचे दिसते. म्हणूनच खाली दडलेल्या खनिजांचा कारभार पाहणारी कार्यालये नेहमी वरच्या मजल्यावर असतात.

आपल्या परभणी जिल्ह्याचा दगड स्वभावाने गरीब. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली मांजऱ्या नावाचा ठिसूळ खडक, मांजऱ्याखाली काळा पाषाण आणि त्याखाली पुन्हा तोच क्रम. जणू सांगणारा विसरला आणि तीच गोष्ट त्याने पहिल्यापासून सुरू केली. शास्त्र असे सांगते की, फार पूर्वी पृथ्वीच्या पोटातून तापलेला रस वर आला, आपल्या जिल्ह्यात पसरला आणि निवला. त्यानंतर जिल्ह्यात विशेष काही घडलेले नाही. या दगडाच्या विहिरी होतात, पाटे-वरवंटे होतात, चारठाण्यासारखी देवळे होतात. पण त्यात शिसे, जस्त किंवा चांदी सापडत नाही. पुस्तकात तसे स्पष्ट लिहिले आहे. खडकसावळीच्या जमिनीने हे पुस्तक वाचलेले नव्हते.

खडकसावळी हे गाव देवगाव फाट्यावरून चारठाण्याकडे जाताना आत वळल्यावर लागते. (वळायचे कुठे हे विचारू नये, फाट्यावर जीपवाले ओढूनच नेतात.) या गावातील खनिज आढळाची सर्वांत जुनी नोंद निजामी अमलातली आहे. त्या काळी महसुलाचे एक गिरदावर साहेब पाहणीला आले असता गावाबाहेरच्या जुन्या आडात वाकून पाहू लागले आणि त्यांची पगडी आत पडली. पगडीला चांदीची जर होती. सबब, सदर ठिकाणी चांदी असल्याची पहिली नोंद त्यांच्या नावे आहे. पगडी निघाली नाही. त्यावरून साठा खोल असावा, असा निष्कर्ष पुढच्या काळात काढण्यात आला.

यानंतर बराच काळ शोधकार्य थंडावले होते. त्याला गती मिळाली ती सोयाबीनमुळे.

आमच्याकडच्या जमिनीत जस्त कमी आहे. प्रत्येक शेतकऱ्याच्या माती तपासणीच्या कार्डावर तसे लिहिलेले असते. (स्वतःचे कार्ड हरवले तर शेजाऱ्याचे वाचावे, फरक पडत नाही.) उपाय म्हणून आम्ही झिंक सल्फेटच्या पिशव्या शेतात रिकाम्या करतो, आणि पुढच्या खेपेला जस्त पुन्हा कमी भरते. अशी ही व्यवस्था सुरळीत चालू असताना सरजाबाईच्या कार्डावर ‘जस्त : अति’ असा शेरा आला.

सरजाबाई ही आडाच्या मळ्यात राहणारी, साठी उलटलेली, नवऱ्याच्या मागे शेत सांभाळणारी बाई. मुलगा ट्रकवर असतो. घरी सून पिंकी आणि लग्नाच्या वयाची नात. मळ्यात मोसंबीची झाडे आहेत. ती त्या वर्षी पहिला बहर धरायच्या वयाला आली होती आणि त्यांच्यासाठी सरजाबाईने नवी विहीर काढायला घेतली होती. विहीर अर्ध्यावर आली होती. तळाचा दगड पाझरायला लागला होता. आणखी थोडे खाली गेले की पाणी, हे विहिरीत उतरणाऱ्या प्रत्येकाला पायाच्या तळव्याने कळत होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे शासकीय अहवालात या विहिरीचा उल्लेख ‘किरकोळ मानवी खोदकाम’ एवढाच आहे.

कृषी सहायकांना वाटले, कार्ड चुकले. त्यांनी माती पुन्हा पाठवली. या वेळी जस्ताबरोबर शिसेही निघाले. तिसऱ्यांदा पाठवली तर चांदीही निघाली. मग त्यांनी माती पाठवणे बंद केले आणि कागद पाठवला. कागद तालुक्याला गेला, जिल्ह्याला गेला आणि मजल्यामागून मजले चढत खनिज अन्वेषण कक्ष नावाच्या कार्यालयात पोचला. तिथे गेली कित्येक वर्षे आपल्या भागातून एकही खनिज आलेले नव्हते. एवढे मोठे कार्यालय आणि खनिज नाही, ही अडचण आता दूर झाली.

अन्वेषणाचा पहिला टप्पा म्हणजे अधिकाऱ्याने जागेवर उभे राहणे. हा टप्पा कक्षाच्या वरिष्ठ साहेबांनी स्वतः पार पाडला. दुसरा टप्पा म्हणजे हातोडीने दगड फोडून पाहणे. तो त्यांच्यासोबत आलेल्या भूवैज्ञानिक बाईंनी पार पाडला. यांचे नाव संघप्रिया. मूळच्या ताडकळसच्या, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या. हातोडी चालवताना बोलत नसत आणि साहेब बोलत असताना हातोडी चालवत. तिसरा टप्पा म्हणजे फलक. फलकावर असा मजकूर होता : ‘राखीव खनिज आढळ क्षेत्र. येथे खोदणे, उकरणे, सुरुंग लावणे, खोल नांगरणे तसेच खनिजाबाबत अफवा पसरवणे यास सक्त मनाई आहे.’ (मला अक्षरे उशिरा आली, त्यामुळे सरकारी फलक शेवटपर्यंत वाचायची सवय आहे. गावात असा मी एकटाच.)

फलक लागला त्याच दिवशी विहिरीचे काम थांबले. सरजाबाई साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

“साहेब, माझी हिर आर्धी हाय. चार सुरुंग उडवू द्या, पाणी लागतंय.”

“मावशी, तुमच्या जमिनीखाली चांदी आहे,” साहेब म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या की तिला खाली. तिला कोण उठ म्हणायलंय? मला पाणी पायजे. झाडं वाळायलीत.”

साहेबांनी हे संभाषण ‘स्थानिकांत खनिजविषयक जागृतीचा अभाव’ या सदरात नोंदवले. पिंकी मागे उभी होती. ती म्हणाली, “आत्या, चला. चांदीचं झाड लावू आता. त्याला पाणी लागत न्हाई.”

चौथ्या टप्प्यात यंत्र आले. आम्ही बोअरची गाडी पुष्कळ पाहिली आहे. पण ही गाडी भोक पाडून दगडाचा लांब दांडा जसाच्या तसा वर काढते आणि तो दांडा लाकडी पेटीत निजवून ठेवतात. पाहायला अख्खे गाव लोटले. पहिले भोक शेताच्या बांधाला घेतले. काळा पाषाण निघाला. दुसरे मोसंबीत घेतले. (दोन झाडे गेली. अहवालात : ‘वनस्पती विरळ’.) पुन्हा काळा पाषाण. तिसरे भोक मात्र जुन्या आडाच्या जागेवर घेतले आणि आढळ हाती लागला.

आता आडाविषयी. हा आड गाळाने भरून फार वर्षे झाली. तोंडावर एक शिळा टाकलेली आहे आणि शिळेच्या मधोमध एक चीर आहे. एवढेच वरून दिसते. साहेबांनी त्याचे वर्णन असे केले : ‘खनिज साठा एका उभ्या, गोलाकार नळीत एकवटलेला असून नळीच्या भिंती नैसर्गिक दगडांच्या आहेत. हे दगड निसर्गतःच, गवंडी बसवतात तशी सांधेमोड करून एकावर एक बसलेले आहेत. भिंतीत ठरावीक अंतरावर पाऊल मावेल एवढे खळगे असून ते कशामुळे झाले असावेत, याचा अभ्यास चालू आहे.’

दांड्यातून वर आलेल्या नमुन्यांचे पृथक्करण प्रयोगशाळेत झाले. जस्त एकसष्ट टक्के, शिसे छत्तीस टक्के, चांदी दोन टक्के आणि उरलेला एक टक्का ‘लाल, चिकट, अनोळखी’. एवढे समृद्ध खनिज जगात कुठेही नसल्याचे प्रयोगशाळेने कळवले. खनिजाच्या प्रत्येक थरावर पिवळ्या भुकटीचा लेप होता. साहेबांनी ते गंधक असावे असा अंदाज बांधला. त्याला खोबऱ्याचा वास का येतो, हे कळू शकले नाही.

मात्र खरी खळबळ उडवली ती स्फटिकांच्या आकाराने. धातू निसर्गात ठरावीक आकारात थिजतात, हे शास्त्राला माहीत आहे. चौकोनी थिजतात, सुईसारखे थिजतात. खडकसावळीचे खनिज घोड्यावर बसलेले थिजले होते. त्याच्या हातात तलवारीसारखी वाढ होती. काही स्फटिक जोडीने होते. त्यांतल्या लहान स्फटिकाला नथीसारखा फुगवटा होता. काहींना आठ हात होते. साहेबांनी या प्रकाराला ‘अश्वारूढ स्फटिकरचना’ असे नाव दिले आणि त्यावर परदेशात वाचायचा निबंध लिहायला घेतला.

तेव्हा संघप्रियाबाई पहिल्यांदा हातोडी खाली ठेवून बोलल्या.

“सर, हा खंडोबा आहे.”

“कशावरून?”

“घोडा आहे सर. खाली कुत्रा आहे. शेजारी म्हाळसा आहे. आणि ते गंधक नाही, भंडारा आहे. हळद. आमच्या ताडकळसला शेजारच्या घरी देव्हाऱ्यात देवांचे असेच टाक आहेत. मी लहानपणी दसऱ्याला चिंचेनं घासायला बसायचे त्यांच्याकडं.”

साहेबांनी खनिजांची अधिकृत यादी मागवली आणि ‘ख’ खालची सर्व नावे काळजीपूर्वक पाहिली.

“यात खंडोबा नाही,” ते म्हणाले.

“नाहीच सर. म्हणून तर म्हणते, हे खनिज नाही.”

साहेब न्यायी होते. त्यांनी नियम पाहिला. नियम असा निघाला की, ज्या वस्तूला मालक आहे ती खनिज ठरत नाही. तेव्हा गावातल्या कोणी ‘हे आमचे आहे, आम्हीच टाकले’ असे सहीनिशी सांगितले, तर आढळ रद्द, फलक रद्द, विहीर खुली. कोणीच सांगितले नाही, तर खनिज सरकारचे आणि क्षेत्र कायमचे राखीव. काम इतके सोपे होते. आमच्या गावात सोपी कामे अडतात.

का अडले, हे कळण्यासाठी अहवालात नसलेली थोडी माहिती द्यावी लागेल.

आमच्याकडे भावाभावांत जमीन वाटता येते, बैल वाटता येतात, आई पाळीने वाटता येते. देव वाटता येत नाहीत. देव्हाऱ्यातले टाक थोरल्याकडे ठेवले तर धाकटा म्हणतो, बरकत त्याच्याकडे गेली. धाकट्याकडे ठेवले तर थोरला बोलायचे बंद करतो. यावर खडकसावळीने फार पूर्वी शहाणपणाचा तोडगा काढला. वाटणी झाली की दोघांनी नवे टाक करायचे आणि जुने टाक भंडारा, खोबरे, कुंकू वाहून आडाच्या चिरेतून आत सोडायचे. कोणालाच नाही म्हणजे दोघांनाही सारखे. गाव भांडखोर असल्यामुळे आड लवकर भरला. (संघप्रियाबाईंनी पुढे दाखवून दिले की, ज्या सालांत कूळकायद्याने जमिनी हातात आल्या, त्या सालांचा थर सर्वांत जाड आहे.)

हे सगळे टाक मुंजाजी कारागिराने घडवलेले. आधी थोरल्या मुंजाजीने, मग त्याच्या मुलाने, मग नातवाने. घराणे थोर. चारठाण्याच्या बाजारात त्यांचे पाल असे. पाहुण्यांच्या देखत तराजूत टाक ठेवायचे, वजन मोठ्याने सांगायचे आणि ‘शुद्ध चांदी’ म्हणून कपाळाला लावून हातात द्यायचे. वजन नेहमी चोख भरायचे. मुंजाजी घराण्याने समोरून चांदीचा पापुद्रा लावला, पोटात शिसे ओतले आणि पाठीला जस्ताचा पत्रा दिला, हे खरे आहे; पण त्यांनी कोणाही गिऱ्हाइकात भेद केला नाही. पाटलाला जे दिले तेच सालगड्याला दिले. इतकी समता आमच्या गावात दुसऱ्या कशात सापडत नाही.

आणि हे प्रत्येक घराला ठाऊक होते. दर दसऱ्याला चिंचेने घासताना कुठल्या तरी वर्षी पापुद्रा सुटायचा आणि घोड्याखालून करडे शिसे डोकवायचे. घरातली बाई ते पाहायची, टाक पालथा ठेवायची आणि म्हणायची, “अवंदा चिंच चांगली न्हाई.” शेजारच्या घरीही त्या वर्षी चिंच चांगली नसायची. प्रत्येक घराला वाटत होते की, फसलो ते आपण एकटेच, बाकीच्या गावाचे देव चांदीचे. म्हणून जो तो आपले देव चांदीचे असल्याचे जरा जास्तच मोठ्याने सांगत आला. सोयरिकीच्या बैठकीत सांगितले. वाटणीत सांगितले. यात्रेत माईकवरून सांगितले. आणि आता कोणी तरी सरकारी कागदावर सही करायची की, दोन टक्के.

फलक लागल्यापासून गावाची भरभराट मात्र झाली. फाट्यावरच्या रसवंतीचे नाव ‘झिंक रसवंती’ झाले. खाणीत नोकरी लागणार या बोलीवर तीन लग्ने जमली. तात्याराव हे आमचे माजी सरपंच, खंडोबाच्या यात्रेचे कायमचे अध्यक्ष. त्यांनी खनिजाची शीर आपल्या शेताखालून जाते असे सांगून तिथेही भोक पाडायला लावले. काळा पाषाण निघाला. तात्यारावांनी थोडी मुदत मागितली आणि आठवडाभराने पुन्हा भोक पाडायला लावले. या खेपेला एक अश्वारूढ स्फटिक सापडला, कोरा करकरीत. साहेबांनी लिहिले, ‘खनिज अद्याप तयार होत आहे.’

सर्वांत मोठा फायदा असा की, आडाकडे जायला बंदी असल्याने जुने देव सोडता येईनात आणि देव सोडता येत नाहीत म्हणून वाटण्या थांबल्या. एकमेकांचे तोंड न पाहणारे भाऊ एका चुलीवर जेवू लागले. कोर्टाने जे जमले नाही ते खनिजाने केले. फक्त सरजाबाईची मोसंबी वाळत होती. तिने अर्ध्या विहिरीत उतरून पाझराचे पाणी वाटीने भरायला सुरुवात केली. घागर भरली की पिंकी वर ओढायची आणि एका झाडाला घालायची. रोज पाच-सहा झाडे पाणी प्यायची, बाकीची पाहायची.

ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर भरली. साहेब खुर्चीवर, संघप्रियाबाई उभ्या. त्यांनी एका परातीत आडातून निघालेले टाक मांडले आणि परात सर्वांच्या पुढून फिरवली. जिच्यासमोर परात गेली ती बाई पदर तोंडाला लावायची. ज्याच्यासमोर गेली तो माणूस आभाळाकडे पाहायचा. आभाळात काही नव्हते.

“हे तुमचेच आहेत,” बाई म्हणाल्या. “त्यात लाजण्यासारखं काय आहे? फसवलं ते त्या कारागिरानं. तुम्ही सही केली, तर मावशींची विहीर मोकळी होते. एकानं केली तरी चालेल.”

तात्याराव उठले. “बाई, तुमी आपल्याच भागातल्या, म्हणून बोलतो. आमचा खंडोबा चांदीचा हाय. पावशेराचा. आमच्या आज्यानं घडवला. हे शिशाचे कुणाचे हायेत, ते देवच जाणे.”

“देवालाच इचारा मग,” मागून पिंकी म्हणाली. “परातीत बसलाय की समोर.”

“सून लय बोलायली, सरजाबाई.”

“तिला पाणी वढायला लागतं, तात्या. घसा कोरडा पडत न्हाई तिचा.”

मग एकेका घराला विचारण्यात आले. आमचे न्हाईत. आमचे न्हाईत. आमचे चांदीचे. आमचे तर सोन्याचा मुलामा दिलेले. (माझी पाळी आली तेव्हा मीही मान आडवी हलवली. परातीत तिसऱ्या ओळीत आमच्या घरचा, पूर्वजाच्या नावाचा वीराचा टाक होता, ढाल मोडलेला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, हा त्याचा मोठेपणा.) अशा रीतीने तीन पिढ्या ज्यांना नवस बोलले, त्या कुलदैवतांना खडकसावळीने एका दुपारी एकमताने नाकारले. ठराव मंजूर झाला. टाळ्याही पडल्या.

संघप्रियाबाईंनी शेवटचा उपाय म्हणून सांबप्पांना पुढे बोलावले. सांबप्पा हे गावातले किराणा दुकानदार, गळ्यात लिंग धारण करणारे. त्यांच्या घरात टाक पूजत नाहीत. म्हणजे या प्रकरणात ज्याचे काहीच अडकलेले नाही असा गावात एकच माणूस.

“अप्पा, तुम्ही तरी खरं सांगा. लोकांना आडात टाक सोडताना तुम्ही पाहिलंय ना?”

“पाहिलंय की. कैक वेळा पाहिलंय,” सांबप्पा म्हणाले. “मला कुणाची भीती हाय? माझा संबंधच न्हाई. आमच्या घरात टाक न्हाई, काय न्हाई. आमचं फक्त लिंग, अन् ही डबी. ही बी चांदीची, मुंजाजीकडनंच...”

एवढे बोलून सांबप्पांनी गळ्यातल्या डबीवर हात ठेवला. मग हात तसाच राहिला. अंगठ्याने ते डबीची कड चाचपत होते. ओट्यावर सगळे त्या अंगठ्याकडे पाहत होते.

“मला आता नीट आठवना,” सांबप्पा म्हणाले. “दुकान उघडं टाकून आलोय मी.”

आणि ते गेले.

साहेबांनी घड्याळ पाहिले आणि ‘मालक आढळून आला नाही’ असे लिहायला पेन उघडले. तेव्हा सरजाबाई उठून ओट्याजवळ गेली.

“माझे हायेत. ल्ह्या.”

“यातला कोणता?” साहेबांनी विचारले.

“समदेच.”

“मावशी, आडात अजून पोतीच्या पोती आहेत.”

“ते बी माझेच.”

“एका घरात एवढे देव?”

“लय देवभोळं घर हाय आमचं.”

“आत्या,” पिंकी तिच्या कानाशी लागली, पण पिंकीचे कानाशी लागणे चार घरांना ऐकू जाते, “आपल्या देव्हाऱ्यात दोन टाक अन् एक घंटी हाय. घंटीला लोळी न्हाई.”

“गप गं. साहेब, शिशाचे हायेत, जस्ताचे हायेत, काय निघालं असंल ते हायेत. माझेच. सही कुठं करायची? अंगठा चालतो का?”

संपूर्ण ग्रामसभेने सुटकेचा श्वास सोडला. तो इतका मोठा होता की, परातीतला भंडारा उडाला. मग तात्यारावांनी उभे राहून सांगितले की, आपल्याला पहिल्यापासूनच शंका होती.

साहेबांनी अहवाल दुरुस्त केला. ‘सदर आढळ नैसर्गिक नसून एका कुटुंबाच्या अमर्याद श्रद्धेमुळे झालेला आहे.’ परदेशातला निबंध मात्र त्यांनी मागे घेतला नाही. त्यात फक्त ‘खनिज’ या शब्दाच्या जागी ‘श्रद्धा’ घातला आणि तो वाचला गेल्याचे ऐकतो. फलक निघाला. सुरुंग उडाले. विहिरीला पाणी लागले. (ते तपासले. त्यात शिसे नाही. शिसे देवांनी स्वतःजवळच ठेवले.) वाचली तेवढी मोसंबी फुलावर आली. वाटण्याही पुन्हा सुरू झाल्या, गाव पूर्वपदावर आले.

पण सरकार कोणाचे काही ठेवून घेत नाही. ज्याची वस्तू त्याला परत, असा नियम आहे. कक्षाने आड उपसला. पावसाळ्यापूर्वी एक टेम्पो आला आणि सरजाबाईच्या अंगणात चारशे अकरा देव उतरवून, पोच घेऊन गेला. घरात जागा नव्हती. तिने पडवीत फळ्या ठोकल्या आणि सगळे ओळीने मांडले. रोज एवढ्यांना पाणी घालायचे म्हणजे सकाळ सरते. नातीला पाहायला आलेले पाहुणे फळ्यांकडे पाहून, विहिरीच्या पाण्याचा चहा पिऊन, निरोप कळवतो म्हणून गेले. त्यांनी कळवले नाही. शिशाच्या देवांच्या घरातली पोरगी कोण करणार? तात्यारावांनीही भावकीत तसेच मत दिले.

तेच तात्याराव रविवारी सकाळी सरजाबाईच्या पडवीत येतात. मोटारीचा पाना मागायला येतात. पाना मागण्याआधी फळ्यांपुढे उभे राहतात, तिसऱ्या फळीवरच्या सातव्या टाकाला हळद वाहतात आणि पाना न घेताच जातात. त्यांच्यानंतर आणखी माणसे येतात. कोणी विळा मागायला, कोणी विरजण मागायला. सांबप्पा उधारी विचारायला येतात. त्यांचे तिथे काहीच नाही, तरी थोडा वेळ टेकतात. चारशे अकरांत आपला कोणता, हे कोणाला विचारावे लागत नाही. डोळे सरळ तिथेच जातात. सरजाबाई चुलीपुढून म्हणते, “वळखीचा असंल तर घिऊन जा की बाबा.” माणूस दचकून म्हणतो, “छे, छे, तुमचाच हाय,” आणि नमस्कार करतो. दोन्ही हातांनी, डोळे मिटून. आपल्या घरच्या देव्हाऱ्यासमोर त्याने असा नमस्कार केलेला मी पाहिलेला नाही.

वाचकहो, आमच्या गावाची ही अडाणी गोष्ट वाचून तुम्हाला हसू आले असेल, तर ते योग्यच आहे. तुमचे टाक खात्रीच्या दुकानातले आहेत. तुमच्याकडे पावती आहे. यंदा घासताना एका कडेला जरा करडे दिसले होते, पण ती पावडरच चांगली नव्हती. तेव्हा आता उठून देव्हाऱ्याकडे जाऊ नका, टाक उलटा करू नका आणि नखाने ओरखडून तर मुळीच पाहू नका. घरातले बघतील.

आणि पाहिलाच, तर खडकसावळीला या. देवगाव फाट्यावरून जीप मिळते. सरजाबाई नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. पुडी उघडायच्या आत म्हणते, “माझाच हाय, ठिवा तिथं.” तिच्या पडवीत अजून एक फळी मोकळी आहे. फक्त येताना पाना मागायचे निमित्त करू नका. तो पाना गावात सगळ्यांना माहीत आहे.